धाराशिवच्या मातीत सिद्ध झालेली तपासणी धाराशिवच्या बायकांना कधी मिळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेळेत पकडण्यासाठी आज जगभर एचपीव्ही तपासणीला, म्हणजे हा कर्करोग घडवणारा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू शोधण्याला, पहिली पसंती दिली जाते. या पसंतीमागचा एक फार मोठा पुरावा आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या धाराशिवमधून गेला आहे, हे खुद्द जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. १९९९ मध्ये मुंबईचं टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियॉन इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून इथे अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट पाडले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका घेतल्या आणि सोडत काढावी तसे चार भाग केले. एका भागाला एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर म्हणजे मुखाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्याला व्हीआयए म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्याला नेहमीची सरकारी सेवा. तपासणी एकदाच झाली, पाठपुरावा आठ वर्षं चालला. निकाल एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला.

नेहमीच्या सेवेच्या भागात ३१,४८८ बायका होत्या, त्यांतल्या ६४ या कर्करोगाने गेल्या. एचपीव्हीच्या भागात ३४,१२६ होत्या, त्यांतल्या ३४ गेल्या. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात सापडलेल्या रुग्ण तिकडे ८२, इकडे ३९. कर्करोग एकूण सापडले ते मात्र जवळपास सारखेच, ११८ आणि १२७. फरक पडला तो सापडण्याच्या वेळेत, आणि त्या वेळेनेच जीव वाचले. पॅप स्मिअर आणि व्हीआयएच्या भागांत मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही.

हा पुरावा जगाने उचलला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१७ पासून पॅप स्मिअर सोडून दर पाच वर्षांनी एचपीव्ही तपासणी सुरू केली आणि जुलै २०२२ पासून प्रत्येक बाईला स्वतःचा नमुना स्वतः घेण्याची मुभा दिली. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये या कर्करोगाच्या निर्मूलनाचा कार्यक्रम जाहीर केला. त्यातली २०३० पर्यंतची उद्दिष्टं स्पष्ट आहेत: पंधराव्या वर्षाच्या आत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा एकदा खात्रीची तपासणी, आणि दोष सापडलेल्या ९० टक्के बायकांवर उपचार. आपल्याकडे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या देशभरात १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनही नाहीत. देशात या एका कर्करोगाने वर्षाला ८० हजारांच्या आसपास बायका मरतात. आणि ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी एचपीव्ही तपासणीचा उपयोग जगाला दाखवून दिला, तिथल्या सरकारी कार्यक्रमात आजही भर आहे तो व्हीआयएवर.

व्हीआयए वाईट नाही, हे आधीच सांगायला हवं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारकाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी व्हीआयए करून घेतली, तेव्हा बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण तिथे सेविकांचं प्रशिक्षण पुन्हा पुन्हा होत होतं आणि त्यांच्या कामावर देखरेख होती. आपल्या उपकेंद्रात हे सगळं एका नर्सबाईवर येऊन पडतं आणि मग बारीकसारीक गोष्टींत तपासणी बिघडते.

द्रावणापासून सुरुवात करू. व्हीआयएला तीन ते पाच टक्के ॲसिटिक ॲसिड लागतं. पाच टक्क्यांसाठी पाच मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि ९५ मिली डिस्टिल्ड वॉटर, बनवायचं त्याच दिवशी आणि वापरायचं त्याच दिवशी. बाटली आठवडाभर उघडीझाकी राहिली की जोर कमी होतो आणि पांढरा डाग उमटत नाही. बाजारातलं व्हिनेगर आणलं तर त्याची खरी टक्केवारी कळत नाही. पाणी घालायचं विसरलं तर बाईला भाजतं, आणि अशी एक बाई भाजली की त्या गावात पुढची दोन वर्षं कुणी तपासणीला येत नाही. द्रावण लावल्यावर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं. रांग मोठी असली की हे एक मिनिटच पहिल्यांदा खाल्लं जातं. उजेड पांढरा हवा. पिवळ्या बल्बखाली पांढरा डाग उठून दिसत नाही आणि नर्सबाई ‘नॉर्मल’ लिहून मोकळी होते. शिवाय पन्नाशीनंतर जिथे दोष होतो तो भाग मुखाच्या आत सरकतो, बाहेरून दिसतच नाही. त्या वयाच्या बाईला व्हीआयए करून ‘काही नाही, घरी जा’ सांगणं धोक्याचं आहे.

स्पेक्युलमची, म्हणजे योनीमार्ग उघडून मुख पाहण्याच्या साधनाची, मोजणीही कुणी विचारत नाही. एका बाईला कपडे सावरण्यापासून नोंद लिहिण्यापर्यंत नीट तपासायला दहा मिनिटं लागतात. पाच तासांच्या शिबिरात एक नर्स तीस बायका तपासू शकते, आणि त्यासाठी तीस निर्जंतुक स्पेक्युलम हातात हवेत, नाहीतर ते वाफेवर निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या फेऱ्या होईपर्यंत काम थांबतं. तेव्हा एका नर्सच्या शिबिरात एका दिवसात दीडशे ‘तपासण्या’ झाल्याची बातमी आली, तर त्यातल्या किती जणींचा नुसता प्रश्नांचा फॉर्म भरला आणि किती जणी खरोखर टेबलावर तपासल्या गेल्या, एवढं आपल्या बातमीदारांनी जरूर विचारावं. आशाताई घरोघरी भरतात तो जोखमीचा फॉर्म कामाचा आहे, पण तो तपासणी नव्हे. अहवालात ही दोन्ही कामं एकाच रकान्यात पडली की आकडा फुगतो आणि रोग तिथेच राहतो.

एचपीव्ही तपासणीत यातल्या बहुतेक अडचणी उरत नाहीत, कारण निर्णय माणसाच्या डोळ्यावर राहत नाही. आणि नमुना बाई स्वतः घेऊ शकते. हे प्रत्यक्षात कसं होतं ते लिहितो, कारण बायकांना भीती याचीच असते. कापसाच्या लांब काडीसारखा मऊ स्वॅब असतो. पाळी चालू नसावी, आदल्या दोन दिवसांत योनीमार्गात औषधाची गोळी ठेवलेली नसावी, दिवस गेलेले नसावेत. हात धुवायचे, स्वॅबच्या टोकाला बोट लावायचं नाही, उकिडवं बसून किंवा एक पाय स्टुलावर ठेवून तो हळूच आत सारायचा. अडखळला की थांबायचं, दहा ते तीस सेकंद गोल फिरवायचा, बाहेर काढून थेट नळीत ठेवायचा आणि झाकण घट्ट लावायचं. दुखत नाही. खाली पडलेला स्वॅब पुसून वापरायचा नाही, दुसरा मागायचा. एवढ्यासाठी डॉक्टर लागत नाही, टेबल लागत नाही, स्पेक्युलम लागत नाही. लागते ती आतून कडी लागणारी एक खोली. आपल्या कितीतरी उपकेंद्रांत नेमकी हीच नसते. दार असतं, कडी तुटलेली असते, नाहीतर खिडकीला पडदा नसतो. दोनशे रुपयांच्या कडीवाचून बायका परत जातात.

नमुना आत्मविश्वासाने घेतला तरी नळीवरचं नाव घोटाळा करतं. एका वाडीत तीन सुनीता आणि दोघींचं आडनाव एकच, ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. नळीवर नाव, नवऱ्याचं नाव, वय आणि नोंदवहीचा क्रमांक, हे चारही पेन्सिलने नव्हे तर पुसलं न जाणाऱ्या पेनाने, आणि नमुना घेण्याच्या आधी लिहिलेलं हवं.

यंत्राचं काय, असं विचारलं जातं. क्षयरोगाच्या कार्यक्रमामुळे नमुन्यातला रोगजंतू शोधणारी ट्रूनॅट यंत्रं तालुक्यांपर्यंत पोहोचली आहेत. त्याच देशी यंत्रावर एचपीव्हीची चिप चालते आणि निकाल तास-दीड तासात मिळतो. आता हिशेब करू. दोन लाख लोकवस्तीचा तालुका धरला तर त्या वर्षी ३५ व्या आणि ४५ व्या वर्षात असलेल्या बायका मिळून साधारण अडीच हजार भरतात. वर्षाला कामाचे २५० दिवस धरले तर रोज दहा नमुने. दोन खाचांचं यंत्र दिवसभरात बाराएक नमुने करतं, पण त्यावर थुंकीचे नमुनेही असतात, म्हणून तालुक्याला चार खाचांचं यंत्र किंवा दुसरं छोटं यंत्र द्यावं लागेल. क्षयरोगाचं काम मागे सारून हे करायला आमचा ठाम विरोध आहे. उस्मानाबादच्या अभ्यासात एचपीव्ही केलेल्या शंभरातल्या साधारण दहा बायकांत विषाणू सापडला होता. म्हणजे आपल्या तालुक्यात वर्षाला अडीचशे, महिन्याला वीस-एकवीस, आठवड्याला पाच बायका पुढच्या तपासणीसाठी येतील. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातली एक दुपार राखून ठेवली तर हे काम आटोपतं. हा बोजा अफाट आहे असं जे सांगतात, त्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा.

त्या दुपारी काय व्हायला हवं? विषाणू सापडलेल्या बाईला स्पेक्युलम लावून मुख पाहायचं, ॲसिटिक ॲसिड लावायचं. डाग आहे, तो पूर्ण दिसतो, आतल्या नळीत शिरलेला नाही आणि कर्करोगाची शंका नाही, तर तिथल्या तिथे थर्मल ॲब्लेशन, म्हणजे उष्णतेने तो डाग जाळणं, करता येतं. हातात मावणारं, बॅटरीवर चालणारं हे उपकरण असतं. त्याचं टोक १०० अंश सेल्सिअसला तापतं, ते वीस ते तीस सेकंद लावायचं आणि सगळा भाग झाकला जाईपर्यंत पुन्हा लावायचं. पूर्वीच्या क्रायोथेरपीला, म्हणजे डाग गोठवण्याच्या उपचाराला, गॅसचं सिलिंडर लागायचं आणि ते संपलं की महिनोन्‌महिने काम बंद पडायचं. ती अडचण आता उरली नाही. डाग आत शिरलेला असेल तर लीप म्हणजे विजेच्या तारेने तो भाग कापून काढणं, हे जिल्हा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. आणि शंका आली की जाळायचं नाही, तुकडा घ्यायचा. कर्करोगावर ॲब्लेशन केलं तर वरचा भाग भरून येतो, आतला वाढत राहतो आणि पुढचे सहा महिने हातचे जातात. विषाणू आहे पण डाग नाही, तर दोन वर्षांनी पुन्हा तपासणी. ॲब्लेशन झालेल्या बाईची एक वर्षाने. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांना हा धोका जास्त असतो, त्यांची तपासणी २५ व्या वर्षापासून आणि कमी अंतराने व्हायला हवी. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात त्या येतातच, तिथेच स्वॅब देता येईल.

निकाल सांगणं ही या कामातली सगळ्यांत नाजूक जागा. मोबाइल बहुधा नवऱ्याचा असतो. ‘तुमच्या मिसेसला इन्फेक्शन निघालं’ असा फोन गेला की घरात भलताच संशय उभा राहतो आणि ती बाई पुन्हा दवाखान्याचं तोंड बघत नाही. म्हणून निकाल फोनवर सांगायचा नाही. आशाताईंनी घरी जाऊन, एकटीला गाठून, साध्या शब्दांत सांगायचा: “काकू, हा कॅन्सर नाही. पिशवीच्या तोंडाशी एक विषाणू सापडलाय. लग्न झालेल्या बहुतेकींना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो. तुमचा गेला नाही, एवढंच. किती वर्षांपूर्वी आला ते कुणालाच सांगता येत नाही, त्यात कुणाचा दोष नाही. गुरुवारी ग्रामीण रुग्णालयात पाहून घेऊ, गरज पडली तर तिथेच दहा मिनिटांत उपचार होईल, मी सोबत येते.” यातली ‘कुणाचा दोष नाही’ आणि ‘मी सोबत येते’ ही दोन वाक्यं गाळली तर निम्म्या बायका येत नाहीत, हे या कामातल्या प्रत्येकीला माहीत आहे.

आता मराठवाड्याच्या दोन गोष्टी, ज्या मुंबई-दिल्लीत आखलेल्या वेळापत्रकात बसत नाहीत.

पहिली ऊसतोडीची. ऑक्टोबर हा स्तनकर्करोग जागृतीचा महिना, ४ फेब्रुवारी कर्करोग दिन, ८ मार्च महिला दिन. शिबिरं या तारखांना लागतात. बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या गावांतल्या ज्या बायकांना तपासणीची सगळ्यांत जास्त गरज, त्या दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन कोयत्याबरोबर कोल्हापूर, सांगली, सोलापूर नाहीतर कर्नाटकात गेलेल्या असतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. शिबिराला गावात राहिलेल्या म्हाताऱ्या आणि शाळकरी मुली. तपासणीचं वर्ष या भागात जूनमध्ये सुरू व्हायला हवं: जून-जुलैत नमुने, ऑगस्टअखेर ॲब्लेशन, सप्टेंबरात राहिलेल्यांचा शोध. ॲब्लेशननंतर तीन-चार आठवडे पाण्यासारखं जातं, महिनाभर संबंध टाळायचा असतो, ओझंही उचलायचं नसतं. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणाऱ्या बाईला हे फडात जमणार नाही, म्हणून कारखाने पेटायच्या आधी तिला हा महिना मिळायला हवा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी गावोगाव कामगारांची नोंदणी होते, ती यादी आशाताईंच्या यादीशी ताडून पाहिली तर कुणाला आधी गाठायचं ते लगेच कळेल. शिवाय प्रत्येकीच्या हातात एक जाड कागदाचं कार्ड हवं: तारीख, निकाल, पुढची तारीख, तालुक्याच्या नर्सबाईचा कार्यालयीन फोन. मोबाइलचं सिम बदलतं, कार्ड ट्रंकेत राहतं.

दुसरी गोष्ट गर्भपिशव्यांची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या होत्या. पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेली, हे त्या वेळी बायकांनीच सांगितलं. पांढरं जाण्याची बहुतेक कारणं औषधाने बरी होणारी असतात. आणि कर्करोगाची शंका असेल तर ती तपासून घ्यायची असते. पिशवी काढणं ही तपासणी नव्हे. यातला वैद्यकीय धोकाही लोकांपर्यंत पोहोचलेला नाही. मुखात कर्करोग आधीच असेल आणि तो न पाहताच साधी शस्त्रक्रिया करून पिशवी काढली, तर आजूबाजूचा रोग तसाच मागे राहतो. किरणोपचारात जे उपकरण गर्भाशयाच्या आत ठेवून जवळून किरण द्यायचे, ते ठेवायला जागाच उरत नाही. बरा होऊ शकणारा रोग त्या एका घाईने अवघड होऊन बसतो.

म्हणून आमची पहिली मागणी हीच आहे. सरकारी असो वा खासगी, पिशवी काढण्याआधी मुखाची एचपीव्ही किंवा पॅप तपासणी, चाळिशीनंतर जास्त रक्तस्राव असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराच्या तुकड्याची तपासणी, आणि काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला पाठवल्याचा अहवाल, ही तीन कागदपत्रं असल्याशिवाय विम्याच्या योजनेतून पैसे मिळू नयेत. कर्करोगाची भीती दाखवायची, तर आधी तपासणीचा कागद दाखवावा लागेल.

तुकड्याची गोष्ट निघालीच आहे तर तीही लिहितो, कारण इथे अक्षरशः आठवडे सांडतात. बायोप्सीचा तुकडा दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात बुडलेला हवा. सलाइनमध्ये किंवा कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून पाठवलेला तुकडा कुजतो, अहवाल येतो ‘नमुना अपुरा’, आणि बाईला पुन्हा बोलवावं लागतं. ती दुसऱ्यांदा येत नाही. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, धाराशिव इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे पॅथॉलॉजी विभाग आहेत. तालुक्याहून आठवड्यातून दोनदा नमुने नेणारी गाडी आणि दहा दिवसांत अहवाल, एवढं बांधून दिलं तरी मोठा फरक पडेल.

उपचाराची बाजू आम्ही थोडक्यात मांडतो. पुढच्या टप्प्यातल्या मुखाच्या कर्करोगाला साधारण पाच आठवडे रोज किरणोपचार, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आणि शेवटी आतून द्यायचे किरण लागतात, आणि हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपायला हवं. मध्ये खंड पडला की फायदा घटतो. किनवट किंवा औंढ्याच्या बाईने छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दोन महिने काढायचे म्हणजे तिची आणि सोबतच्या माणसाची मजुरी गेली, राहण्याचा प्रश्न आला, घरी पोरं आणि जनावरं राहिली. जनआरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघतो, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण साठ रात्री झोपायचं कुठे, याला योजनेत रकाना नाही. रुग्णालयालगत धर्मशाळा आणि सोबतच्या माणसाला जेवण, एवढी सोय झाली तर उपचार अर्धवट सोडण्याचं एक मोठं कारण मिटेल. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांमध्ये कर्करोगाची डे-केअर केंद्रं जाहीर झाली आहेत. ती हवीतच, स्तनाच्या कर्करोगाच्या बायकांची केमोसाठीची पायपीट त्यांनी वाचेल. मात्र किरणोपचाराची जागा ती घेऊ शकत नाहीत आणि रोग लवकर शोधण्याची तर नाहीच.

स्तनाच्या कर्करोगात आपल्याकडे गाठ लहान असतानाच चुकीच्या हाती पडते. गाठ दिसली की भूल देऊन कापून टाकायची आणि तुकडा तपासायलाही पाठवायचा नाही, असे प्रकार अजून घडतात. आधी हाताने तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग जाड सुईने तुकडा, हाच क्रम हवा. नुसत्या बारीक सुईच्या तपासणीत गाठ हार्मोनवर वाढते का आणि तिच्यात हर-टू हे प्रथिन जास्त आहे का याचे अहवाल भरवशाने मिळत नाहीत, आणि औषध कोणतं ते त्यावरच ठरतं. मुंबईच्या अभ्यासात दीड लाख बायकांपैकी निम्म्यांची दर दोन वर्षांनी आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मॅमोग्राफीच्या यंत्राची वाट पाहत बसायची गरज नाही, नर्सबाईंचे हात तयार करायला हवेत.

तोंडाच्या कर्करोगाला तर बॅटरी, ग्लोव्ह्ज आणि लाकडी चपटी काडी पुरते. तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री वापरणाऱ्या प्रत्येकाचे ओठ, गालाची आतली बाजू, हिरडी आणि गालामधली खाच, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग आणि टाळू नीट पाहायचं. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंडात आपली तीन बोटं उभी न जाणं, यांतलं काहीही असलं तर मलम देऊन घरी पाठवायचं नाही. केरळात तिरुवनंतपुरमला आरोग्यसेवकांनी अशीच तपासणी केली आणि व्यसन असलेल्यांमधले मृत्यू घटले. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

एचपीव्हीची लस मुलींसाठी आहे, आणि एक डोसही पुरेसं संरक्षण देतो हे दाखवणाऱ्या भारतीय अभ्यासात बार्शीचाही वाटा आहे. पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूटही एचपीव्हीची लस बनवते. पण लसीचा गाजावाजा होताना तिशी ओलांडलेली बाई विसरली जाते. तिला लसीचा उपयोग जवळपास नाही, तिला तपासणीच हवी.

बार्शीने १९८७ मध्ये डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पुढाकाराने ग्रामीण भारतातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली, त्यात आपल्या भूम-परंड्याची गावंही होती. नोंदणीचे लोक गावोगाव फिरून लक्षणं समजावत, कोण कुठे अडकलंय ते शोधत, रुग्णालयापर्यंत आणून सोडत. रोग लवकरच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण नुसत्या या वहिवाटीने वाढलं. त्या वेळी ट्रूनॅट नव्हतं, थर्मल ॲब्लेशन नव्हतं, योजना नव्हती. होती ती प्रत्येक नावाची जबाबदारी घेणारी माणसं. आज प्रत्येक तालुक्याला अशी एक व्यक्ती हवी, एक पूर्णवेळ नर्स, जिच्या वहीत विषाणू किंवा गाठ किंवा चट्टा सापडलेल्या प्रत्येकाचं नाव असेल आणि ‘उपचार पूर्ण’ लिहिल्याशिवाय ती ओळ बंद होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने स्तनाच्या कर्करोगासाठी पहिल्या भेटीपासून साठ दिवसांत निदान अशी मुदत ठरवली आहे. आपण तीच तिन्ही कर्करोगांना लावावी. जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी महिन्याच्या बैठकीत किती शिबिरं झाली हे विचारण्याऐवजी साठ दिवस उलटून गेलेली नावं किती आणि का, हे विचारावं.

आपल्या वर्तमानपत्राकडे एक मागणी. जायकवाडी, मांजरा, माजलगावचा साठा आपण नेमाने छापता, आणि त्यामुळे पाण्याबद्दल अधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं. तसेच दर तीन महिन्यांनी मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे तालुकावार तीन आकडे माहिती अधिकारात मागवून छापावेत: किती बायकांची तपासणी प्रत्यक्ष झाली, किती जणींत दोष सापडला, आणि त्यांतल्या किती जणींवर साठ दिवसांत उपचार झाले. पहिला तक्ता जूनचे नमुने हाती येतील तेव्हाचा, म्हणजे सप्टेंबरअखेरचा असावा, टोळ्या निघायच्या आत.

आपले,
कर्करोग तपासणी आणि प्राथमिक आरोग्य सेवेत काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका व आशा कार्यकर्त्या,
धाराशिव–बीड–लातूर